तिसरं खाकरणं

२ जानेवारी

ताई,

अकरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे कोणीतरी मेलं असेल, असं समजून घाबरू नकोस. कोणी मेलेलं नाही. तीच तर अडचण आहे, असं तू म्हणशील.

दोन महिन्यांपूर्वी आबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली. उजवा हात शाबूत आहे, आणि तो हात काय चीज आहे हे मी तुला सांगायला नको. फोनच केला असता, पण माझा डावा कान त्यांनी लहानपणीच बंद केला आणि उजवा या तांबट आळीच्या ठोकाठोकीत अर्धा गेला. फोनवर माणसाचा नुसता गुणगुणाट ऐकू येतो. तांब्याचं बोलणं मात्र अजून नीट कळतं. घागर कुठे जाड राहिलीय ते ठोक्याच्या आवाजावरून सांगतो.

पत्राचं कारण असं की, त्यांच्या पोटात चार घास गेले की घशात चिकट कफ साठतो. गिळवत नाही, काढवत नाही. घरघर लागते, डोळे बाहेर येतात. मग खाकरतात. तेच खाकरणं, ताई. तीन वेळा. पहिल्याला आपण ताटं उचलायचो, दुसऱ्याला दाराकडे सरकायचो आणि तिसऱ्याला पळायचो, कारण तिसऱ्यानंतर ते थुंकायचे आणि हातोड्याचा दांडा उचलायचे. आता त्यांना धड थुंकताही येत नाही, तरी दुसऱ्या खाकरण्याला माझे पाय आपसूक दाराकडे वळतात. एकोणचाळीस वर्षांचा घोडा झालो आणि खाटेवरच्या म्हाताऱ्याला भितो. हसू नकोस.

भरवायचं काम तुझी वहिनी करते. कफ अडकला की तिचा जीव अर्धा होतो. इथल्या डॉक्टरीणबाई लांबच्या रजेवर आहेत. त्यांच्या जागी आलेला म्हणाला, “वय झालं, चालायचंच.” तू मोठी सिस्टर आहेस. काय करायचं ते सांग. नको असेल तर तसं लिही, पण उत्तर दे.

तुझा,
धाकटा

११ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचून मी हसले. हो, हसलेच. वॉर्डातल्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या, सिस्टरांना झालं तरी काय!

त्याचा घसा भरतो? भरू दे. त्या घशातून आयुष्यभर काय बाहेर आलं ते आठव. माझ्या गळ्याच्या हाडाला दांड्याने पाडलेली गाठ आहे, आरशात रोज दिसते. तुझा कान गेला तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि रडताना स्वतःचं रडणं ऐकू येत नाही म्हणून आणखी रडत होतास. म्हातारपण आलं की गुन्हे माफ, असा एक अलिखित कायदा सगळीकडे चालतो. दात पडले की लांडग्याला आजोबा म्हणायचं! मी म्हणणार नाही. दात पडले म्हणून त्याने खाल्लेली मेंढरं परत येत नाहीत.

पण तू विचारलंस आणि मी नर्स आहे, म्हणून लिहिते. खाटेवर आडवं ठेवून भरवू नका, ताठ बसवा. पातळ पाण्यासारखं देऊ नका, दाटसर करून लहान चमच्याने द्या. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. आणि जेवण झाल्या झाल्या, पोट भरलेलं असतानाच, त्याला पुढे वाकवून पाठीवर थापा दे. तळहाताची ओंजळ करायची, म्हणजे पोकळ आवाज येतो. कफ कुठे बसलाय ते तुझ्या कानाला कळेलच. भरलेल्या जागी आवाज बद्द येतो. वीस थापा. रोज, दोन्ही जेवणांनंतर, न चुकता. हात आखडता घेऊ नकोस.

वहिनीला सांग, त्याच्या उजव्या हाताच्या टप्प्यात बसू नकोस.

ताई

३० जानेवारी

ताई,

तू लिहिल्याप्रमाणे सुरू केलं.

पहिल्या दिवशी हात उचलला आणि तो तसाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची पाठ माझ्यासमोर होती. एरवी नेहमी माझीच त्यांच्यासमोर असायची. पहिली थाप इतकी हलकी पडली की त्यांनी मान वळवून पाहिलं. बोलता येत नाही, पण ती नजर मला पाठ आहे. मी दहा वर्षांचा असताना तांब्याचा पत्रा भीतभीत ठोकायचो, तेव्हा अशीच बघायची. “कुरवाळून भांडं होत नसतं, भडव्या,” म्हणायचे. मग दुसरी थाप नीट बसली.

तू वीस लिहिल्या होत्यास. आठवडाभर वीसच दिल्या. मग तीस झाल्या. परवा मोजायचंच विसरलो. हिने येऊन मनगट धरलं तेव्हा थांबलो. “अहो, कफ काढताय की कर्ज वसूल करताय?” म्हणाली. मी हसलो. ती हसली नाही. सदरा वर करून दाखवला तिने मला. पाठभर गोल काळेनिळे डाग, एकाला एक लागून, सरळ ओळीत. घागर ठोकून मठारताना हातोड्याचे ठसे उमटतात ना, तसेच. हात कसलेला आहे, ओळ चुकत नाही.

कफ सुटतो, पण त्याबरोबर खाल्लेलंही वर येतं. मग काही बाहेर पडतं आणि काही उलट आत जातं. आबा निळे पडतात. हे असंच होतं ना?

आणखी एक, हे फक्त तुला. मला बरं वाटतं. दुपार झाली की हात वाट बघतो.

धाकटा

८ फेब्रुवारी

धाकट्या,

असंच होतं. चालू ठेव.

तुझा हात वाट बघतो म्हणतोस, तर त्या हाताला कारणही कळू दे. एकतीस वर्षं मी हे पोटात ठेवलं. तुला त्याच्याच घरात, त्याच्याच ऐरणीवर वाढायचं होतं, म्हणून ठेवलं.

तू शाळेत होतास. दुपार होती. तो जेवून उठला, तीनदा खाकरला, थुंकला आणि दांड्याकडे न जाता बाहेर गेला. आईला वाटलं, आजचा दिवस सुटला. ती माझ्यासमोर ताट घेऊन बसली. पहिला घास तोंडात होता. तो परत आला. “मला पाण्याचं विचारलं नाहीस, आणि स्वतः गिळायला बसलीस?” म्हणाला, आणि तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध उघड्या हाताने एक ठोका दिला. एकच. घास श्वासात गेला.

ती गळा धरून उठली. ताट लवंडलं. मी धावले, तर त्याने माझी वेणी मुठीत गुंडाळून मला मागे खेचलं. “नाटकं आहेत तिची.” तिने माझ्याकडे हात केला होता, धाकट्या. चार पावलांवर होती. मी वेणीचे केस उपटून निघेपर्यंत ओढ घेतली, तरी ती चार पावलं काही संपली नाहीत. ती निळी पडली. तो एका हातात माझी वेणी धरून उभा राहिला आणि दुसऱ्या हाताने पाणी प्यायला.

मग मला म्हणाला, “घास अडकला. काय झालं?”

“घास अडकला.”

“मोठ्याने.”

दार उघडलं. आळी जमली. मी मोठ्याने म्हणाले. माझं पहिलं जाहीर भाषण ते. दोन शब्दांचं. त्यावर बायकांनी मला पोटाशी धरलं, पुरुषांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवले. समोरचा घागरवाला तर त्याच्यासाठी रडला.

आणि पुढचं तर तुलाही माहीत असायला हवं. आळीत माणूस गेलं की दिवसभर सगळे हातोडे बंद, हा आपल्या धंद्याचा रिवाज. आईला पोचवून आल्यावर तो म्हणाला, “घास अडकून मेली, त्याला आळी कशाला बंद ठेवायची?” आणि ठोकायला बसला. तो म्होरक्या. त्याचा हातोडा सुरू झाला म्हणून सगळ्यांचे झाले. आईच्या वाट्याला एक दिवसाची शांतताही आली नाही. खून करून वर त्याने आवाजही केला, आणि त्या आवाजात सगळी आळी सामील झाली!

कोणत्या कोर्टात जाऊ सांग. साक्षीदार एक, आणि तिने आधीच खोटी साक्ष दिलेली.

म्हणून म्हणते, थापा थांबवू नकोस. जेवणानंतर. लगेच.

ताई

१९ मार्च

ताई,

सव्वा महिना लिहिलं नाही. आता सगळं सांगतो, मध्ये थांबवू नकोस.

तुझं पत्र दुकानात वाचलं. पुन्हा कामाला हात घातला तर पत्र्याला आरपार भोक पडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तसाच घरात गेलो. ही त्यांना भरवत होती. मी समोर बसून विचारलं, “आईला तुम्ही मारलंत?” मला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल. निदान नजर तरी खाली जाईल. त्यांनी उजव्या हाताने पितळेचा पेला उचलला आणि हिच्या कपाळावर हाणला. माझ्यावर नाही, ताई. हिच्यावर. मला गप्प करायचं तर बाईला मारायचं, ही त्यांची जुनी रीत. भुवईवर पाच टाके पडले.

मग मी त्यांना पुढे वाकवलं. त्या दिवशी ओंजळ केली नाही. मूठ होती. तोंडातला घास अजून खाली उतरला नव्हता. आईसारखंच झालं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. एक फासळी गेली. भांड्याला तडा गेला की आवाज फाटतो, कसलेल्या कानाला लगेच कळतं. तो आवाज ऐकला आणि हात थांबला. दयेने नाही. खोटं कशाला लिहू? सवयीने. तडा गेलेल्या भांड्यावर पुढचा ठोका मारायचा नसतो, हे त्यांनीच शिकवलंय.

रक्ताने माखलेल्या चेहऱ्याने हिने त्यांच्या तोंडात बोटं घालून घास काढला. मला म्हणाली, “बाजूला व्हा. दोघेही सारखेच.”

नंतर ताप भरला. छातीत पाणी की काय झालं. डॉक्टरीणबाई रजेवरून आल्या होत्या, त्यांना आणलं. त्यांनी पाठ पाहिली. “कधी देता थापा?” म्हटलं, जेवल्या जेवल्या. “कुठल्या शहाण्याने सांगितलं? भरल्या पोटी ठोकलं की अन्न वर येऊन फुप्फुसात जातं. पहिल्या वर्षाच्या नर्सलाही हे माहीत असतं!” मी तुझं काही बोललो नाही.

ताई, तुला पंचवीस वर्षं झाली नर्स होऊन.

आणि एक. काल जेवून उठलो. घशाशी काहीतरी आलं आणि मी खाकरलो. साधंच. सर्दी होती. ही हातातलं ताट टाकून भिंतीला जाऊन चिकटली. पाच टाक्यांचं कपाळ दोन्ही हातांनी झाकून. ती आपल्या घरात वाढलेली नाही. तिला तीन खाकरण्यांची गोष्ट कोणी सांगितलेली नाही. तरी तिला कळलं.

एकच विचारतो. तुला माहीत होतं?

धाकटा

२५ मार्च

धाकट्या,

माहीत होतं.

पहिलं पत्र लिहिताना पेन एकदा थांबलं होतं, “जेवण झाल्या झाल्या” या शब्दांशी. मग चाललं. मी दररोज परक्यांच्या बापांच्या छात्या मोकळ्या करते, आणि माझ्या बापाची भरावी म्हणून दोनशे कोसांवरून चार ओळी पाठवल्या. मला वाटत होतं, हा न्याय आहे. ज्याला कायदा शिवत नाही, समाज ज्याच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याला त्याच्याच ताटावर, त्याच्याच ठोक्याने जाऊ दे. आजही तो जगावा असं मला वाटत नाही. हे लिहिताना मी अडत नाही.

अडले ते तुझ्या पत्रातल्या दुसऱ्याच वाक्याशी. वहिनी ताट टाकून भिंतीला चिकटली, त्या वाक्याशी. त्याला आईला मारायचं होतं तेव्हा त्याने खोटं बोलायला माझं तोंड वापरलं. मला त्याला मारायचं होतं तेव्हा मी तुझा हात वापरला. दांडा तोच राहिला, मूठ तेवढी बदलली. मी त्याच्यापासून पळून इतक्या लांब आले, आणि त्याला बरोबर घेऊनच आले!

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. खरी पद्धत या पानाच्या मागे लिहिली आहे. पुढची बाजू वाचून जुनंच चालू ठेवायचं की पान उलटायचं, ते तू ठरव. या वेळी मी हात धरणार नाही आणि ढकलणारही नाही.

ताई

(मागे)

थापा जेवणाआधी, रिकाम्या पोटी. नाहीतर जेवणानंतर दोन तासांनी. फासळी जुळेपर्यंत बिलकुल नाही, पुढेही डॉक्टरीणबाईंना विचारूनच. कुशीवर वळवून, अंगावर जाड कापड ठेवून, ओंजळीने, हलक्या. मणक्यावर नाही, फासळ्यांच्या खाली नाही. कातडी लाल झाली तर तू चुकतोयस. भरवताना ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे. प्रत्येक घासाला दोनदा गिळायला सांगायचं. जेवणानंतर तासभर आडवं करायचं नाही, तोंड ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. घसा भरला तर जोराने खाकरू द्यायचं नाही, त्याने घसा सोलवटतो आणि कफ आणखी धरतो. हळू खोकायला सांगायचं, मग गिळायला.

२ जुलै

ताई,

पान उलटलं. मागची बाजू दिसेल असं त्यांच्या उशाशी भिंतीला चिकटवलं. पुढची भिंतीकडे, चारी कडांना डिंक लावून पक्की. ती आता भिंतीनेच वाचावी.

पण तू दोनच वाटा सांगितल्यास, आणि मला तिसरी दिसली. त्याच दिवशी फेब्रुवारीचं तुझं पत्र घेऊन भर दुपारी आळीच्या मधोमध उभा राहिलो. सगळीकडे ठोकणं चालू. मी हात वर केला. समोरच्या घागरवाल्या म्हाताऱ्याने मान वर करून विचारलं, “काय रे, बाप गेला का?”

“नाही काका. आई गेली.”

“डोकं फिरलं काय तुझं? तिला तीस वर्षं झाली.”

“एकतीस. ऐका.”

आणि मी वाचलं. माझा आवाज केवढा निघाला मला कळलं नाही. अर्ध्या बहिऱ्या माणसाला कळत नाही. वेणीचं वाचलं, चार पावलांचं वाचलं, पाणी प्यायल्याचं वाचलं. “घास अडकला” हे शब्द आले तेव्हा म्हातारा उठून उभा राहिला. “त्याला मी पोटाशी धरलं होतं रे,” म्हणाला, “या हातांनी.” मग खाली बसला आणि हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला. त्याच्या शेजाऱ्याने ठेवला. पलीकडच्याने ठेवला. टोकापर्यंत एकेक आवाज गळत गेला आणि मग, ताई, काहीच उरलं नाही. मला वाटलं, उजवा कानही गेला. आईचा राहिलेला दिवस होता तो. संध्याकाळपर्यंत कोणी ठोका मारला नाही.

मी जेवायला आत गेलो, तोवर आबांना कळलं होतं. पन्नास वर्षांत कोणी मेलं नसताना भर कामाच्या दिवशी आळी अशी गप्प ऐकली नव्हती त्यांनी. उजव्या हाताने खाटेचा लोखंडी दांडा बडवायला लागले. ठण, ठण, ठण. बाहेरून कोणी साथ दिली नाही. मग खाकरले. एक. ही माझ्यासमोर जेवायला बसली होती. दोन. माझे पाय दाराकडे वळले, ते मी धरून ठेवले. तीन. हिने घास तोंडात घातला, शांतपणे चावला, गिळला, आणि पाणी प्यायली. मग म्हणाली, “म्हाताऱ्याच्या जेवणाला तास झाला का? नसेल तर आडवं करू नका. ताईंनी लिहिलंय.”

पुढचे तीन महिने त्यांचं सगळं मी केलं. थापा मेअखेरीला सुरू केल्या, डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यावर. ओंजळीने, कापडावरून. कातडी एकदाही लाल झाली नाही. प्रेमाने केलं असं समजू नकोस. नजर तीच होती त्यांची, शेवटपर्यंत. एकदा माझ्या हाताला चावले. हात अजून वाट बघतो, त्याला मी घागरी देतो. या उन्हाळ्यात आळीत सगळ्यात जास्त घागरी माझ्या झाल्या.

गेल्या मंगळवारी सकाळी गेले. जेवणाआधी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसरा झटका. मी पाठीला कान लावून पाहिलं. कुठेही बद्द नव्हतं. नव्या भांड्यासारखी मोकळी छाती. मी मारलं नाही, ताई. आणि तूही नाही. हे तुला ऐकायचं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मला मात्र लिहायचं होतं.

त्यांना उचलून बाहेर काढलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. चारजण खांदा द्यायला आले, पाचवा आला नाही. आळीतून नेलं. एकही हातोडा थांबला नाही. घागरवाल्या म्हाताऱ्याने मान वर केली, मला नमस्कार केला, आणि पुढचा ठोका मारला.

उशाशी चिकटवलेलं पान खरवडून काढलं आणि भट्टीत टाकलं. पुढची बाजू माझ्याशिवाय कोणी वाचली नाही.

आता ये. तुझ्यासाठी आईच्या मापाचं ताट करून ठेवलंय, ठोके मोजून, हलक्या हाताने. गाडीतून उतरून आळीच्या तोंडाशी आलीस की आवाज येईल, चारी बाजूंनी, धाडधाड. तुझे पाय मागे वळतील, माझेही वळतात. वळू देऊ नकोस. कोणी कोणाला मारत नाहीये. ते फक्त भांडी ठोकतायत.

तुझा,
धाकटा